तुम्ही विचारलंत म्हणून : "पुढच्या वर्षी आम्हालाही एल्कला न्या की!"

मंडळाच्या गणपतीत विचारतात, दिवाळीच्या जेवणात विचारतात. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. मी मूळचा गडहिंग्लजकडचा. आता मिनेसोटात राहतो आणि गेली काही वर्षं पानगळ सुरू झाली की रायफल घेऊन पश्चिमेकडच्या राज्यांत जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. त्याचं सुकं मटण एकदा ज्याच्या ताटात पडलं, तो हात धुता धुता हा प्रश्न विचारतोच. मी हसून "बघू" म्हणतो. त्या "बघू"च्या मागे काय आहे, ते आज सांगून टाकतो.

आधी टॅग म्हणजे काय ते. टॅग हा एका जनावराचा परवाना. कुठला भाग, कुठल्या तारखा, नर की मादी, सगळं त्यावर ठरलेलं. जनावर पडलं की तो त्यालाच बांधायचा आणि तुमचा तो हंगाम संपला. मिनेसोटातल्या माणसाला घरच्या हरणाचा टॅग दुकानात पाच मिनिटांत मिळतो. एल्क मात्र आमच्याकडे वायव्य कोपऱ्यात थोडेसेच आहेत आणि त्यांचे परवाने बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे वायोमिंग, कॉलोराडो, मोंटाना गाठायचं. तिथे आपण परके.

इथे बहुतेकांची पहिली गाडी अडते. "नॅशनल फॉरेस्ट तर सगळ्या देशाचं ना? मग आपल्याला वेगळा नियम का?" जमीन देशाची, पण तिच्यावर चरणारं जनावर राज्याच्या ताब्यात. यावरून भांडण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, आणि गंमत म्हणजे भांडणाऱ्यांत चौघे आमच्या मिनेसोटाचेच होते. 1976 साली मोंटानाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळत होता आणि बाहेरच्याला त्यासाठी 225 डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागत होता. 1978 मध्ये कोर्टानं सांगितलं, की एल्कची शिकार हा काही मूलभूत हक्क नव्हे, राज्यानं बाहेरच्याकडून जास्त घेतले तर चालेल. मला तो निकाल पटतो. तिथला शेतकरी वर्षभर आपल्या गवतावर ते कळप पोसतो आणि मी दहा दिवसांसाठी जातो. डोमिसाइलचा कोटा आपल्याला नवा नाही. फक्त इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आपण कोट्याच्या आत होतो, इथे बाहेर आहोत.

कोटा किती कडक, ते राज्याराज्यावर आहे. न्यू मेक्सिकोत अर्ज मागवून काढलेल्या सोडतीतले 84 टक्के टॅग रहिवाशांना, 10 टक्के तिथला आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणारा, ठरवून येणाऱ्यांना, आणि माझ्यासारख्या आपल्या हिमतीवर येणाऱ्या परक्यांना 6. मोंटानात बाहेरच्यांसाठी एल्क आणि हरीण असे एकत्रित परवाने कायद्यानंच 17,000 वर बांधलेत. मागणी वाढली म्हणून आकडा हलत नाही.

आणि मागणी वाढलीय हे खरंच. फोनवर नकाशे आले, कुठली जमीन खाजगी आणि कुठली सरकारी हे चालता चालता दिसायला लागलं. कोविडात लोक रानात शिरले ते परतलेच नाहीत. त्यात कॉलोराडोनं 2018 पासून टॅगचे पूर्ण पैसे अर्जासोबत भरायची अट काढली. आधी शेकडो डॉलर अडकायचे, म्हणून हौशे-गवशे बाहेर राहायचे. अट गेल्यावर सगळेच रांगेत आले. एकेकाळी दुकानातून मिळणारे टॅगही एकेक करून सोडतीत गेले. कॉलोराडोच्या पश्चिम भागात धनुष्यबाणानं शिकार करणाऱ्या परक्याला 2025 पासून एल्कचा टॅग दुकानात मिळत नाही. आयडाहोत डिसेंबरच्या एका सकाळी संगणकासमोर बसून तत्काळच्या तिकिटासारखी रांग लावायची. मी दोनदा लावली, दोनदा तोंडात मारल्यासारखा उठलो. 2026 च्या हंगामापासून तेही सोडतीवर गेलं. मला वाईट वाटलं नाही. म्हाडाची सोडत निदान झोपेत लागते.

आता पॉइंट. बऱ्याच राज्यांत सोडत लागली नाही की एक पॉइंट जमा होतो किंवा विकत घेता येतो, आणि जास्त पॉइंटवाल्याचा नंबर आधी लागतो. ऐकायला ही भिशी वाटते. पण भिशीत वीस जण असले तर विसाव्या महिन्यात तरी पैसे हातात येतात. इथे दर वर्षी नवे भिडू येतात, आणि नुसते पॉइंट साठवत बसलेले जुने अचानक अर्ज टाकतात. आज आठ पॉइंटला मिळणारं युनिट, म्हणजे शिकारीसाठी आखलेला भाग, तुमचे आठ होईपर्यंत दहावर गेलेलं असतं. तिकडे याला पॉइंट क्रीप म्हणतात. आपल्याकडे मृगजळ हा शब्द आहे, आणि त्यात मृगही आलाच.

वायोमिंगमध्ये बाहेरच्यांच्या एल्क-टॅगपैकी 75 टक्के पॉइंटवर जातात आणि 25 टक्के निव्वळ नशिबावर. साधा टॅग 692 डॉलर. तोच टॅग जरा कमी गर्दीच्या सोडतीतून हवा असेल, तर स्पेशल म्हणून 1,950. डोंगर तोच, एल्क तोच. हे मला दर्शनाच्या पासासारखं वाटतं, आणि त्या रांगेत मीही एकदा उभा राहिलोय, खोटं कशाला बोलू.

तर माझ्या "बघू"चं कारण. वायोमिंगमध्ये दोघांनी एकत्र अर्ज केला की दोघांच्या पॉइंटची सरासरी धरतात. कॉलोराडोत तर गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचेच पॉइंट सगळ्यांना लागू. माझे सहा असतील आणि तुमचे शून्य, तर वायोमिंगला आपण तीनवर आणि कॉलोराडोला शून्यावर. तुम्ही म्हणता "आम्हालाही न्या", आणि मला ऐकू येतं, "तुमची सहा वर्षं द्या". कसं सांगणार हे, जिलेबी वाढता वाढता?

म्हणून ज्याला खरंच यायचंय त्याला मी एवढंच म्हणतो, मला विचारायच्या आधी पॉइंट घ्या, ऑक्टोबर संपू देऊ नका. वायोमिंगचे पॉइंट जुलै ते ऑक्टोबर विकत मिळतात, एल्कचा एक 52 डॉलरला. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र काढा, आपल्या वयाच्या सगळ्यांना ते सक्तीचं आहे. अजून एच-वन-बीवर असाल तर जपून. त्या व्हिसावर रायफल बाळगणं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असला तर अपवाद मिळतो, पण वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. बायकोची तशी अटच होती.

आणि पहिल्या खेपेला मोठ्या शिंगांचं स्वप्न बघू नका. ही माझी चूक. तीन वर्षं मी एका नावाजलेल्या युनिटसाठी पॉइंट जमवत घरी बसलो, पोट वाढवलं. चौथ्या वर्षी एका राज्यात सोडत लागली, तर क्रेडिट कार्ड बदललेलं. पैसे वळते झाले नाहीत, ईमेल मी वाचला नाही, मुदत गेली आणि टॅगही गेला. दोष सगळा माझाच. त्यानंतर ठरवलं, दर वर्षी कुठे ना कुठे जायचंच. मादीचे स्वस्त टॅग बघायचे. वायोमिंगमध्ये मादी प्रॉन्गहॉर्नचा, म्हणजे तिथल्या काळविटासारख्या जनावराचा, टॅग 34 डॉलरला आहे, पॉइंटही खर्च होत नाहीत. मात्र त्यातले पुष्कळ भाग खाजगी जमिनीचे, तेव्हा आधी रँचवाल्याला फोन. 2022-23 च्या हिवाळ्यात वायोमिंगची हरणं आणि प्रॉन्गहॉर्न इतकी मेली, की पुढे टॅग कापावे लागले. म्हणून मागच्या वर्षीचे आकडे धरून बेत करू नये. दर राज्य सोडतीचा तक्ता जाहीर करतं, तो पंचांगासारखा वाचावा.

दोन गोष्टी नकाशा बघतानाच बघायच्या. वायोमिंगच्या संरक्षित वाइल्डरनेस भागात परक्याला गाइड किंवा स्थानिक सोबती असल्याशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. टॅग लागतो, युनिटही सुंदर, आणि अर्धं युनिट तुम्हाला बंद. दुसरं, सरकारी जमिनीचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे कोपऱ्याला कोपरा लागून असतात. कोपऱ्यावरून पाय टाकला तर खाजगी जमिनीवर घुसखोरी होते का, यावर वायोमिंगमध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांना कोर्टात खेचलं होतं. मार्च 2025 मध्ये अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. तो वायोमिंग आणि कॉलोराडोला लागू आहे, मोंटानाला नाही.

बाकी प्रवासाचं काय सांगू? कॉलोराडोचं मीकर गाव इथून गाडीनं 16-17 तास. त्याच्या जवळचं फ्लॅट टॉप्सचं पठार दहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आम्ही मिनेसोटावाले सपाटीचे, पहिले दोन दिवस डोकं धरून बसतो. परतताना हाडं काढलेलं मटण कूलरमध्ये. डोकं आणि कणा मिनेसोटात आणायला बंदी आहे, हरणांचा सीडब्ल्यूडी नावाचा रोग पसरतो म्हणून. हौशी मंडळी एवढं ऐकून बहुधा विषय बदलतात.

एक जण बदलला नाही. आमच्या मंडळाचा खजिनदार. दोन वर्षांपूर्वी माझं भाषण ऐकून गेला आणि कुणाला न सांगता प्रमाणपत्र काढलं, पॉइंट घेतला, पुढच्या वर्षी आणखी एक घेतला. या दिवाळीत त्यानं पावती दाखवली. त्याचे दोन, माझे सहा, सरासरी चार. बायको म्हणाली, "सख्ख्या भावाच्या लग्नात एवढा आहेर केला नव्हतास." अर्ज जानेवारीअखेर दोघांचा एकत्र जाईल. तोवर त्याला मी वीस पौंडी बासमतीची पिशवी पाठीला बांधून ऑफिसचे जिने चढायला लावलंय. निकाल मेमध्ये. नाही लागला, तर तांदूळ आहेतच.