मशालीचे चार चौकोन

रविवारी सकाळी साडेसहाला मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. टोरांटोत तेव्हा शनिवारचे रात्रीचे नऊ. मी टेबलटॉप खेळांसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांसाठी, बॅटल मॅप काढतो: वरून दिसणारी गावं, गुहा, किल्ले. त्यांवर खेळाडू आपापले मोहरे सरकवतात. तिथल्या एका डंजन मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, मी रात्रीचं गाव काढून दिलं होतं, आणि त्याने मला व्हिडिओ कॉलवर खेळ बघायला बोलावलं होतं. आपला नकाशा खेळला जाताना मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, 2014ची पाचवी आवृत्ती. नकाशा 30 बाय 40 चौकोनांचा, एक चौकोन म्हणजे पाच फूट. चौकात खांबावर मशाल, तिच्या वायव्येला धान्याचं कोठार. चोराची भूमिका करणारी मुलगी म्हणाली, "कोठाराच्या या सावलीत मी लपते." तिने मोहरा ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. सावली मशालीच्या बाजूला पडली होती! मी गाव आधी दिवसाचं काढलं होतं. नकाशांत ऊन बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यातून घेतात, तसंच मीही घेतलेलं. मग त्यावर गडद निळा थर मल्टिप्लाय करून, म्हणजे खालचं चित्र दिसत राहून गडद होईल असा चढवून, रात्र केली. सूर्य मावळला, पण त्याच्या सावल्या तशाच राहिल्या.

डंजन मास्टर म्हणाला, "तिथे उजेडच असणार." ती म्हणाली, "पण चित्रात अंधार आहे." तिचं बरोबर होतं. तिने चित्रावर विश्वास ठेवला होता.

थोड्या वेळाने दुसरा वाद. नियमाप्रमाणे मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, म्हणजे चार चौकोन, आणि पुढचे 20 फूट अंधूक. अंधुकात पहारेकऱ्याला नजरेने काही हेरणं अवघड जातं. मी मात्र छान दिसतं म्हणून सहा चौकोनांपर्यंत सारखाच केशरी उजेड पसरवला होता. पाचव्या चौकोनातला माणूस लख्ख दिसतो की अंधूक, यावर पंधरा मिनिटं गेली. या कामातला उजेड हा निव्वळ रंग नसतो. खेळाडू त्यावर जीव पणाला लावतात. हे मला त्या सकाळी कळलं, आणि आधी कळायला हवं होतं.

पुढचा खेळ आठवड्याने, त्याच गावात. नाश्ता करून क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडलं ते रात्री अकराला बंद केलं.

आधी उन्हाच्या सगळ्या सावल्या काढून टाकल्या. झाडांच्या सावल्या झाडांतच मिसळलेल्या होत्या, त्या पुन्हा रंगवाव्या लागल्या. मग रंग. मंद उजेडात डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि हिरवा-निळा त्यामानाने उजळ. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने हे 19व्या शतकातच टिपून ठेवलंय. कोकणात आजोळी चांदण्या रात्री मी ते पाहिलेलंही होतं: कौलं काळी आणि शेजारची केळीची पानं फिकट. तरी नकाशातली कौलं मी लालच ठेवली होती. ती जवळजवळ काळी केली, गवत राखाडी-निळं.

उजेडासाठी वर केशरी ओतणं बंद केलं. रात्रीच्या थराला मास्क (थराचा हवा तेवढा भाग झाकायची सोय) लावून मशालीभोवती रात्रच खोडत गेलो, म्हणजे खालचे मूळ रंग आपोआप वर आले. केशरीचा हात नंतर, अगदी हलका. चार चौकोनांपर्यंत पूर्ण खोडली, पुढच्या चारांत अर्धी. मशालीच्या मध्यापासून प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्याला रेघ मारून ती पुढे वाढवली आणि दोन रेघांमधला भिंतीमागचा भाग पुन्हा अंधारात टाकला. छपरांवरचा उजेडही पुसला, कारण माणसाच्या उंचीवरची मशाल छपराचा माथा उजळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ विहिरीने घेतला. उजेड मशालीकडच्या काठावरून आत उतरतो, म्हणून आतली अलीकडची बाजू काळी आणि पलीकडच्या दगडांवर उजेडाची कोर. एवढी एक कोर ओढली आणि विहीर खोल झाली.

दोन फाइली पाठवल्या: एक मशालीच्या उजेडासकट, एक नुसत्या रात्रीची. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड वेगळा लावता येतो त्यांना दुसरीच हवी, नाहीतर एका मशालीचा उजेड दोनदा पडतो.

पुढच्या रविवारी मी पुन्हा साडेसहाला हजर. चोराचा मोहरा कोठाराच्या मागून निघाला, मशालीपासून सहाव्या चौकोनात आला. तिने स्वतःच सांगितलं, "अंधूक." कोणी काही बोललं नाही. अंधूक म्हणून डंजन मास्टरने पहारेकऱ्यासाठी वीस बाजूंचे दोन फासे टाकले आणि लहान आकडा धरला. 6. ती विहिरीपर्यंत पोचली.