वरच्या खोलीतला तास

भाचीची बी.ए.ची परीक्षा जवळ आली की माझं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात जातं. परवा ती केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही कथा घेऊन बसली होती. वहीत तीन रकाने: कथानक, संघर्ष, स्वातंत्र्य.

पहिला पटकन भरला. रेल्वे अपघातात मिसेस मॅलार्डचा नवरा गेल्याची बातमी येते. तिचं हृदय नाजूक, म्हणून बहीण जपून सांगते. ती रडते, वरच्या खोलीत एकटीच जाऊन बसते. तासाभरात खाली उतरते, तर नवरा स्वतःच्या चावीनं दार उघडून आत येतोय! तो अपघाताच्या जवळपासही नव्हता. मरते ती. हजारेक शब्दांत सगळं आटोपतं.

“मावशी, दुसऱ्या रकान्यात अडलंय. नवरा वाईट नाहीये गं. प्रेमच करायचा तिच्यावर. मग संघर्ष कुणाशी?”

नवरा दुष्ट असता तर आपण त्याला चार शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण “एवढ्या उन्हात कशाला जातेस?” हे मी गेली तीस वर्षं ऐकतेय. त्यात निव्वळ काळजी असते. आणि मी जात नाही.

खरी झटापट वर, खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत होते. बाहेर काही विशेष नाही. पालवी फुटलेली झाडं, पावसाचा वास, रस्त्यावर ओरडणारा फेरीवाला, लांबून येणारं कुणाचं तरी गाणं, वळचणीच्या चिमण्या. त्यातूनच काहीतरी आपल्याकडे येतंय हे तिला कळतं आणि ती घाबरते, ते परतवायला बघते. आपल्याला हलकं वाटतंय याचीच भीती! कालपर्यंत आयुष्य लांबेल या विचारानं शहारणारी बाई आता दीर्घायुष्य मागते.

केटला हे घर ठाऊक होतं. १८५५ मध्ये रेल्वेचा पूल कोसळून तिचे वडील गेले, तेव्हा ती पाच वर्षांची. आई, आजी, पणजी, सगळ्या विधवा. १८८२ मध्ये तिचाही नवरा गेला, पदरात सहा मुलं. लेखिका ती त्यानंतर झाली. कथा १८९४ची. आदल्याच वर्षी आपल्याकडे धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. इथे नवरा गेला की न्हावी बोलावत. खिडकीशी बसायला कोण देतंय!

तिसऱ्या रकान्यातला ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मला फारच पंधरा ऑगस्टचा वाटला. आमची आजी बायकांबद्दल ‘सुटली’ म्हणायची, तेही दोनदाच: बाळंतपण नीट पार पडलं की, आणि बाई गेली की. मिसेस मॅलार्ड तर एका तासात दोनदा सुटली.

भाचीनं गाइड उघडलं. मृत्यूचं कारण: नवरा परतल्याचा अत्यानंद. कथेतल्या डॉक्टरांचं निदान जसंच्या तसं उतरवलेलं.

“दोन मार्कांचा प्रश्न आहे,” ती म्हणाली. “हेच लिहू?”

मी तिच्या हातात खोडरबर दिलं.