इनची बाजू

दुपारी खिचडीसाठी तांदूळ धूत होते. धुवणाचं ते राखाडी-पांढरं पाणी बघितलं आणि एकदम इन नदी डोळ्यांपुढे आली. आल्प्समधल्या हिमनद्या खडक दळतात, त्याचं पीठ पाण्यात तरंगत राहतं. उन्हाळ्यात इनचं पाणी थेट असंच दिसतं.

जर्मनीतल्या पासाऊचा वरून काढलेला फोटो बघावा. मधे डॅन्यूब, डावीकडून दलदलींतून आलेली चिमुकली काळसर इल्झ आणि उजवीकडून ही गढूळ इन. संगमाशी इनचं पात्र डॅन्यूबहून रुंद, वर्षाच्या सरासरीने पाणीही तिचंच थोडं जास्त. तरी पुढे काळ्या समुद्रापर्यंत नाव मात्र डॅन्यूबचं! मला हे काही केल्या पटत नाही.

हा राग बहुधा कराडचा. कृष्णा-कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात. लहानपणी आजोबांबरोबर संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचे आणि विचारायचे, "पुढे कृष्णाच का हो?" आजोबा भेळेतले शेंगदाणे वेचून खात म्हणायचे, "कोयनेनं तक्रार केलीय का तुझ्याकडे?" पुण्याने बघा, मुळा आणि मुठा दोन्ही ठेवल्या, मधे फक्त एक रेघ.

इनला तर उगमापाशीही लुबाडलंय. स्वित्झर्लंडमध्ये २४८४ मीटरवरच्या लुंगीन तळ्यातून ती निघते. तळ्याच्या वरच्या खिंडीत पडलेल्या पावसाला तीन वाटा: ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्र, पो नदीमार्गे एड्रियाटिक समुद्र, नाहीतर इन. खाली मालोया खिंडीच्या पलीकडे मायरा नदी. तिचा उतार तीव्र. डोंगर कोरत कोरत ती मागे सरकली आणि इनचे वरचे ओढेच तिने पळवले. म्हणून एंगाडीनकडून, म्हणजे इनच्या वरच्या खोऱ्यातून, मालोयाला जाताना खिंड आली हे कळतसुद्धा नाही, आणि पुढे इटलीच्या बाजूला एकदम नागमोडी घाट.

उरलेल्या पाण्यावर ही बाई सिल्स, सेंट मॉरिट्झची तळी भरते, इन्सब्रुकवरून जाते, वासरबुर्ग गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते, साल्झाख नदीला पोटात घेते आणि पाचशेवर किलोमीटर चालून पासाऊला पोचते. नाव सोडायला.

आता, इनची ती सरासरी मे-जूनमध्ये बर्फ वितळतं तेव्हाच्या पुरांवर उभी आहे. हिवाळ्यात डॅन्यूबच भारी असते. वाद घालताना मी हे सांगत नाही.