गाडी उभी होती, तरी अपघात माझाच

फेब्रुवारी २०२३. रात्री पावणेदोनला ड्रायव्हरचा फोन आला. पंधरा वर्षं स्टिअरिंगवर असलेला माणूस, आम्ही त्यांना मामा म्हणतो. "मालक, गाडीला मागनं मोटारसायकल धडकलीया. पोरगा जिता हाय, पण पायाचं काय खरं न्हाई."

माझ्या तेव्हा तीन गाड्या होत्या, मालवाहू ट्रक. ही सोलापुरातून कांदा भरून वाशीला निघाली होती. टेंभुर्णीच्या अलीकडे जॉइंट तुटला, म्हणून मामांनी कडेला घेतली. मागं दगड मांडले, बाभळीची फांदी टाकली. पार्किंग लाईट बॅटरी उतरेल म्हणून बंद ठेवली होती. मामा पळाले नाहीत, ही त्या रात्रीतली एकमेव चांगली गोष्ट. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्यानं ड्रायव्हरची जबाबदारी असते. मामांनी ते कायदा माहीत असल्यामुळं केलं नाही, माणुसकीनं केलं.

सकाळी ठाण्याच्या आवारात गाडी पाहिली. मागच्या लाल रिफ्लेक्टर टेपवर चिखल वाळून पापुद्रा बसला होता. मी अंगठ्यानं घासलं, तर खालून लाल रंग निघाला. इंचभर. टेप होती, पण त्या पोराला ती दिसलीच नसणार. तो अंगठा मला आजही आठवतो.

गुन्हा मामांवर दाखल झाला, तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या २८३ (रस्त्यात धोका किंवा अडथळा) आणि ३३८ (निष्काळजीपणानं गंभीर दुखापत) कलमांखाली. स्पॉट पंचनामा झाला, मोटार वाहन निरीक्षकानं गाडी तपासली. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, ती ताब्यात मिळेपर्यंत कांदा कवडीमोलानं गेला. विमा कंपनीला मी त्याच दिवशी लेखी कळवलं होतं. आपला विमा आहे, पुढचं ते बघतील, असं मला मनापासून वाटत होतं. तिसऱ्या पक्षाच्या जीवाला किंवा शरीराला इजा झाली तर विम्याच्या रकमेला कमाल मर्यादा नसते, एवढं मला ठाऊक होतं.

चार महिन्यांनी सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. सामनेवाला क्रमांक एक मी, दोन विमा कंपनी. मी वकीलसाहेबांना विचारलं, गाडी मी चालवत नव्हतो, ती तर उभी होती, मग मी पहिला कसा? ते म्हणाले, "नोकरानं कामावर असताना केलेली चूक मालकाच्या अंगावर येते. आणि रस्त्यावर उभी गाडी म्हणजे सुद्धा गाडीचा वापरच." मग त्यांनी मामांच्या लायसनची प्रत मागितली.

माझ्या फाईलमध्ये मामा कामाला लागले तेव्हाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स होती. ऑगस्ट २०१९ मध्ये नूतनीकरण, मुदत तीन वर्षं. म्हणजे ऑगस्ट २०२२ लाच संपलेली. मामांना वाटत होतं पाच वर्षं आहेत, कारण सप्टेंबर २०१९ पासून ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं झालं आणि बरोबरच्या सगळ्यांचं तसंच होतं. त्यांचं मात्र काही दिवस आधीच, जुन्या नियमात झालेलं. मुदत संपल्यावर वर्षभरात नूतनीकरण होतं, पण ते होईल त्या तारखेपासूनच लागू. मागचे महिने कोरे राहतात. पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, तीही गेली. शिवाय लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ती मला त्या दिवशी कळली.

विमा कंपनीनं हाच मुद्दा धरला: ड्रायव्हरकडं चालू लायसन नाही, म्हणजे विम्याची अट मोडली. उलटतपासणीत एकच प्रश्न परत परत आला: "२०१९ नंतर तुम्ही लायसन कधी तपासलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालानुसार मालकानं वाजवी काळजी घेतली होती का, हे बघितलं जातं. आमच्या वकीलसाहेबांनी मांडलं की गाडी उभी होती, लायसनचा या अपघाताशी संबंध काय? ते मान्य झालं नाही.

निकाल २०२५ च्या सुरुवातीला लागला. वीस टक्के चूक मोटारसायकलस्वाराची, ऐंशी ट्रकची. भरपाई सहा लाख छप्पन्न हजार, वर व्याज. कंपनीनं आधी त्याला द्यायची, मग माझ्याकडून वसूल करायची. हा आदेश मला योग्यच वाटतो, कारण त्या पोरानं आमच्या भांडणात ताटकळत का बसावं? भाऊ म्हणत होता, उच्च न्यायालयात अपील कर, नव्वद दिवस आहेत. मी केलं नाही. सगळ्यात जुनी गाडी विकली आणि पैसे भरले.

आता नव्या ड्रायव्हरचं लायसन मी सरकारच्या सारथी पोर्टलवर स्वतः काढून बघतो, प्रिंटवर तारीख टाकून सही करतो, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने आधी लाल पेनानं लिहिलेल्या असतात. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी लागतं, त्यामुळं लाल खुणा वाढल्यात. व्यापारी दोन टन जास्त भर म्हणाला तर नाही सांगतो. दंड वीस हजार, आणि टनामागं दोन हजार वेगळे, पण मला जास्त भीती ब्रेकची वाटते.

प्रत्येक केबिनमध्ये धोक्याचा इशारा देणारे दोन चकाकणारे त्रिकोण, एक टॉर्च, एक बादली आणि फडकं. बंद पडलेल्या गाडीमागं दगड मांडायचे नाहीत, त्रिकोण ठेवायचा, आणि बॅटरी उतरली तरी चालेल पण लाईट चालू. रात्री निघण्याआधी मागची टेप पुसायची, फ्लॅश मारून फोटो पाठवायचा. मामा अजून माझ्याकडंच आहेत. त्यांचा फोटो सगळ्यात आधी येतो, आठच्या आत.

तो मुलगा शेवटच्या तारखेला कुबडीवर आला होता. निकालानंतर व्हरांड्यात मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं भरपाईबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाला, "काका, लाईट का लावली नव्हती?"