लोंगचिंग कडू का होत होता

नोकरीसाठी चीनमधल्या हांगचौला आलो आणि यंदा पहिल्यांदा छिंगमिंग सणाच्या आधीचा, म्हणजे ४-५ एप्रिलपूर्वी खुडलेला लोंगचिंग हा इथला हिरवा चहा घेतला. खरेदी झटक्यात झाली. अडलं ते घरी.

पहिल्या दिवशी चहा कडू. दुसऱ्या दिवशीही कडूच. दुकानदाराला विचारलं तर "चहा उत्तम आहे" एवढंच उत्तर. पाणी किती गरम, पानं किती, काही नाही. एवढा महाग माल विकताना दोन वाक्यं सांगायला काय हरकत होती? हा राग अजून गेलेला नाही.

आपल्याकडे आधण खळखळलं की पत्ती टाकायची आणि झाकण ठेवून मुरू द्यायचं. मीही तेच करत होतो. उकळत्या पाण्यात पानांतली कॅटेचिन नावाची द्रव्यं भराभर उतरतात. कडूपणा, तुरटपणा त्यांचाच. गोडसर चव असते थिआनिन या दुसऱ्या द्रव्याची, आणि ते कमी गरम पाण्यातही उतरतं. हिवाळाभर विसावलेल्या झाडाच्या पहिल्या कोंबांत ते भरपूर असतं, पुढे ऊन वाढलं की कमी होत जातं. ज्या गोडव्यासाठी पैसे मोजले, तोच कडूपणाखाली दडपला जात होता.

पाणी ८० अंशांवर आणलं. तरी कडू! तीन दिवस पानं कमी-जास्त करत बसलो. शेवटी कारण सापडलं: माझा झाकणाचा थर्मास. आतली ऊब जात नव्हती, कोवळी पानं अक्षरशः शिजत होती.

मग साधा काचेचा ग्लास घेतला, उघडा. ३ ग्रॅम पानं, १५० मिली पाणी. आधी पानं भिजतील इतकंच, मग उरलेलं. चपटी पानं उलगडून हळूहळू तळाशी गेली. ही पानं कढईत हाताने दाबून भाजतात, म्हणून वास भाजक्या चण्यांसारखा खमंग. घोट गिळल्यावर घशात गोडवा रेंगाळला. किती बरं वाटलं!

ग्लास रिकामा करू नका, तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी घाला. बिलुओछुन हा दुसरा हिरवा चहा असेल तर उलटं: आधी पाणी, मग वरून पानं, कारण ती फार नाजूक आणि लवदार असतात. आणि हो, पाणी जड असेल तर चव मरते. इथले जाणकार लोंगचिंगसाठी हुपाओच्या झऱ्याचं पाणी आणतात. पाकीट हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा. माझं पहिले आठ दिवस ओट्यावर, गॅसशेजारीच होतं.