लॉरिस गिल्येन यांच्यावर मराठी विकी-लेख : माझा अनुभव

फिलिपिनो अभिनेत्री-दिग्दर्शिका लॉरिस गिल्येन यांच्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडलो. 'पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री' असं लिहून मोकळा झालो होतो. नंतर चित्रपटांची यादी वर्षवार लावली, तेव्हा ते 'पूर्वाश्रमीच्या' खोडावं लागलं. १९८४ साली त्यांनी दिग्दर्शित केलेला 'कुंग माहावी मान आंग उलाप' आला आणि त्याच वर्षी माइक दे लेओन यांच्या 'सिस्टर स्टेला एल.' मध्ये त्या पडद्यावरही होत्या. विल्मा सांतोस सिस्टर स्टेला लेगास्पी आणि गिल्येन दुसरी स्टेला, स्टेला बाउतिस्ता. म्हणजे अभिनय सोडून दिग्दर्शन धरलं असं झालेलंच नाही. दोन्ही कामं एकमेकांत गुंतून चालली. लेखाचा सगळा सांगाडा यावर ठरतो, म्हणून आधी यादी करायची आणि प्रस्तावना शेवटी लिहायची.

कच्चं काम धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) करावं. मी तिथे सहा रकान्यांचा तक्ता केला : वर्ष, मूळ नाव, देवनागरी उच्चार, मराठी अर्थ, भूमिका की दिग्दर्शन, आणि माहितीचा आधार. लेखात यातले चारच रकाने ठेवले, पण चुका पकडल्या त्या उरलेल्या दोघांनी. एका नोंदीला निदान दोन स्वतंत्र आधार, हा नियम पाळला. एकमेकांची नक्कल केलेली दोन संकेतस्थळं म्हणजे दोन आधार नव्हेत. दोन्हीकडे शुद्धलेखनाची चूक सारखीच दिसली की समजायचं.

सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. आडनाव मूळचं स्पॅनिश. त्यातल्या 'जीयूआय'चा उच्चार 'गि', 'ग्वि' नाही. पुढच्या जोड-एलचा फिलिपिन्समध्ये 'ल्य' होतो, म्हणून गिल्येन. इंग्रजीवरून वाचणारा 'गिलेन' किंवा 'ग्विलेन' म्हणणार. तागालोग (फिलिपिन्सची प्रमुख भाषा) नावांत त्याहून मोठा घोळ होतो तो त-दचा. तागालोगमधले हे वर्ण दंत्य आहेत, पण रोमन अक्षर दिसलं की आपला हात आपसूक ट-डकडे जातो. त्यांच्या एका चित्रपटाचं नाव 'इनिट सा मागडामाग' लिहिणं चूक, 'इनित सा मागदामाग' बरोबर. कोकणीत पिंतो आणि मराठीत पिंटो, ही खोड जुनीच आहे.

'एनजी'ची जोडी तर आणखी अवघड. त्यांच्या 'तांगिंग यामान' या चित्रपटाच्या नावात ती दोनदा येते आणि दोन्ही वेळा उच्चार निव्वळ 'ङ', ग ऐकूच येत नाही. काटेकोर लिहायचं तर 'ताङिङ' लिहावं लागेल. मी तसं लिहून पाहिलं, पण ते कोणी शोधणार नाही आणि निम्म्या फोनवर टंकताही येणार नाही. म्हणून शीर्षकांत अनुस्वार घेतला आणि खरा उच्चार लेखाच्या मजकुरात एकदा दिला. शब्दाच्या सुरुवातीलाच हा ध्वनी आला की अनुस्वाराचं काही चालत नाही. लिनो ब्रोका यांच्या १९७४च्या 'तिनिंबांग का ङुनित कुलांग'मध्ये गिल्येन यांची भूमिका आहे, तिथे 'ङ' लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. शीर्षक बायबलच्या दानिएलच्या पुस्तकातलं आहे. अर्थाच्या रकान्यात 'तोललं तुला, पण उणा भरलास' असं दिलं.

अर्थ देताना खरी गंमत झाली ती मालिकेच्या नावापाशी. 'इका-६ ना उतोस' ही जीएमए वाहिनीवरची दुपारची मालिका डिसेंबर २०१६ ते मार्च २०१८ चालली. दिग्दर्शन गिल्येन यांचं. आकडा 'आनिम' असा वाचायचा. अर्थ 'सहावी आज्ञा'. इतकंच लिहून सोडलं, तर मराठी बायबल वाचणाऱ्या बहुतेक प्रोटेस्टंट वाचकांना वाटेल की मालिका खुनाबद्दल आहे, कारण त्यांच्या मोजणीत सहावी आज्ञा खुनाची. फिलिपिन्स कॅथलिक देश, तिथल्या मोजणीत सहावी आज्ञा व्यभिचाराची, आणि मालिका नवरा, बायको आणि तिसरी बाई यांचीच. वसईच्या कॅथलिक वाचकाला हे सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी एक ओळ टाकली.

नावातलं विरामचिन्हही गाळू नये. दिग्दर्शिका म्हणून पहिला चित्रपट 'कासाल?' (१९८०), प्रश्नचिन्हासकट. कासाल म्हणजे लग्न. चिन्ह गेलं की अर्थच पालटतो. अडचण एवढीच, की संकेतस्थळाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आलं की दुवा तुटतो, कारण त्यापुढचा मजकूर वेगळी सूचना म्हणून वाचला जातो. विकीच्या आतल्या चौकटी कंसातला दुवा चालतो, पण पत्ता हाताने लिहिणार असाल तर चिन्हाचं सांकेतिक रूप टाकावं.

सारख्या नावांचे सापळे तीन सापडले. 'सालोमे' नावाच्या कलाकृती जगभर आहेत, त्यामुळे शीर्षकात '(१९८१ चित्रपट)' जोडणं भाग. रिकी ली यांची पटकथा, जिना आलाहार मुख्य भूमिकेत, आणि एकाच हत्येच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या हकिगती. माझ्या मते गिल्येन यांचं दिग्दर्शन समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी. दुसरा सापळा 'तांगिंग यामान'. त्यांचा २००० सालचा कौटुंबिक चित्रपट वेगळा आणि २०१० मधली त्याच नावाची एबीएस-सीबीएनची मालिका वेगळी, कथेचा काही संबंध नाही. तिसरा 'कुंग माहावी मान आंग उलाप'. याच नावाची जीएमएची २००७ची मालिका १९८४च्या चित्रपटाच्या कथेवरच बेतलेली आहे, त्यामुळे दोघांचे कलाकार एकाच यादीत मिसळतात. कलाकारांची नावं तपासली की घोळ लगेच उघडा पडतो : हिल्दा कोरोनेल असेल तर चित्रपट.

वर्षांचं म्हणाल तर 'अमेरिकन आदोबो' कुठे २००१, कुठे २००२. न्यूयॉर्कमधल्या फिलिपिनो मित्रमंडळींवरचा हा चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत २००२ च्या सुरुवातीला लागला. मी २००१ ठेवून टीप दिली. डिसेंबरातल्या चित्रपटांबाबत विशेष जपावं लागतं. मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल २५ डिसेंबरला सुरू होऊन नव्या वर्षात जातो. तिथले पुरस्कार चालू वर्षाचे धरले जातात, तर समीक्षकांचे गावाद उरियान आणि चित्रपट अकादमीचे फामास हे पुरस्कार पुढच्या वर्षी दिले जातात. म्हणून पुरस्कारांच्या तक्त्यात 'चित्रपटाचं वर्ष' आणि 'सोहळ्याचं वर्ष' असे दोन रकाने करावेत, एकात कोंबलं की गोंधळ ठरलेला. 'तांगिंग यामान'ला २०००च्या मेट्रो मनिला महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपट, गिल्येन यांना दिग्दर्शनाचा आणि ग्लोरिया रोमेरो यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ही नोंद सरळ आहे. मात्र 'दाहिल माहाल किता' (१९९३) होता मनिला फिल्म फेस्टिव्हलमध्ये. तो जूनमध्ये भरणारा, मनिला शहराचा निराळा महोत्सव. नावात 'मेट्रो' नाही हे नजरेतून सहज निसटतं. एड्स झाल्याचं जाहीरपणे सांगणाऱ्या दोल्सुरा कोर्तेस यांच्या आयुष्यावरचा हा चित्रपट, भूमिका विल्मा सांतोस यांची.

मालिकांच्या बाबतीत हात राखून लिहावं. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या मालिकेत मुख्य दिग्दर्शकाखेरीज दुसरं पथकही चित्रीकरण करत असतं, आणि दर भागाला नवी कथा असलेल्या मालिकेत प्रत्येक भागाचा दिग्दर्शक वेगळा असू शकतो. एका भागाच्या आधारावर 'मालिकेच्या दिग्दर्शिका' लिहिणं चूक. श्रेयनामावली पाहिल्याशिवाय मी एकही मालिका घातली नाही. यादी तोकडी झाली, पण चर्चा पानावर कोणाला उत्तर देत बसावं लागलं नाही.

'फिलिपिन्सच्या पहिल्या महिला दिग्दर्शक' हे वाक्य कुठून तरी हमखास येऊन चिकटतं. ते काढा. लुपिता कोन्सियो यांचा 'मिन्साय इसांग गामुगामो' १९७६ मध्ये आलेला आहे, म्हणजे 'कासाल?'च्या चार वर्षं आधी.

यंत्रानुवादाची मदत घेतलीत तर क्रियापदं डोळ्यांत तेल घालून तपासा. तागालोगमध्ये 'सिया' हे एकच सर्वनाम तो आणि ती दोघांसाठी. मराठीत क्रियापदालाही लिंग लागतं, त्यामुळे यंत्र बाईंचा बुवा करून टाकतं. माझ्या कच्च्या मसुद्यात त्या तीन ठिकाणी 'तो दिग्दर्शक होता' झाल्या होत्या. कुटुंबाच्या माहितीतही असाच एक खड्डा आहे : पती जॉनी देल्गादो (निधन २००९) हे पडद्यावरचं नाव, खरं आडनाव फेलेओ, म्हणून अभिनेत्री असलेली मुलगी इना फेलेओ. आडनाव 'दुरुस्त' करायला जाऊ नये.

छायाचित्रासाठी चित्रपटाचं पोस्टर कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यात) चढवू नका, उडवलं जातं. फिलिपिन्स सरकारच्या स्वतःच्या कामांवर तिथल्या कायद्यानुसार प्रताधिकार नसतो, म्हणून सरकारी कार्यक्रमात सरकारी छायाचित्रकाराने काढलेलं चित्र मिळालं तर चालतं. मला हवं तसं मिळालं नाही, लेखातली माहितीची चौकट बिनचित्राची ठेवली.

शेवटी पुनर्निर्देशनं : 'लॉरिस गिलेन', 'लॉरीस गिलेन', 'लॉरिस ग्विलेन' आणि 'लॉरिस गियेन'. चारही मुख्य लेखाकडे वळवली आणि विकिडाटावर (वेगवेगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडणाऱ्या माहितीसाठ्यावर) मराठीची नोंद जोडली. जोडताना इंग्रजी लेखाचाच क्रमांक आहे ना हे बघा, नाहीतर त्याच बाईंची दुसरी नोंद तयार होते आणि मग दोन्ही एकत्र करत बसावं लागतं.