बारालाचाच्या चढावर काळा धूर

मनालीहून लेहला निघालेल्या माणसाला तांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरावीच लागते. आम्ही गेलो तेव्हा तेथील पाटीवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे लिहिले होते. आमच्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या यांत्रिक भागाच्या) गाडीला हे अंतर किती जड जाणार, हे झिंगझिंगबार ओलांडल्यावर दिसू लागले. मागून काळा धूर निघू लागला, आत पेट्रोलचा वास भरला आणि गाडी उभी केली की इंजिन अडखळून बंद पडू लागले.

सूरजताल या तलावाच्या अलीकडे रस्ता रुंद झाल्यावर थांबलो. इंजिन निवल्यावर स्पार्क प्लग काढले, तर टोकांवर कोरडी, काळी काजळी होती. ती तेलकट असती तर इंजिनचे तेल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगांवर संशय घेतला असता. कोरड्या काजळीचा अर्थ गाडी रिच चालते आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. तरीही जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागाला, हात लावण्याआधी बाकीचे सगळे पाहावेच, असे माझे ठाम मत आहे. एअर फिल्टर धुळीने भरला होता, तो झटकला, पण धूर थोडाच कमी झाला. थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी चोकची झडप पूर्ण उघडी होती. इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ठिबकत नव्हते, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुईही नीट बसत होती.

उरले कारण उंचीचे. बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटरवर आहे आणि तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असते. पिस्टन तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो, पण तिचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते. जेटमधून येणारे पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते. त्यामुळे खाली १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असलेले मिश्रण येथे साडेअकराच्या आसपास येते. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल आपोआप घटवतात. कार्ब्युरेटरला ते हाताने करून द्यावे लागते.

आमच्या कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पेट्रोल नियंत्रित करणारा होता, म्हणून तो थोडा आत फिरवला आणि स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, किंचित वाढवला. काही कार्ब्युरेटरांत तो हवा नियंत्रित करतो आणि तेथे नेमके उलट करावे लागते, हे आधी ठाऊक असलेले बरे. या स्क्रूचा परिणाम मुख्यतः स्लोवर होतो, म्हणून सरचूच्या मुक्कामी पुण्याच्या मेकॅनिककडून मुद्दाम आणलेला एक नंबर लहान मेन जेट बसवला व प्लग ब्रशने घासले. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्सची २१ वळणे चढताना धूर दिसला नाही. ताकद अर्थात परतली नाही, कारण हवाच विरळ असताना कोणताही जेट ती भरून काढू शकत नाही. पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढणे एवढेच हाती होते. मात्र पेट्रोल वाया जाणे थांबले, आणि पुढे पंप नसलेल्या त्या रस्त्यावर मला त्याचेच मोल अधिक वाटले.

परतीच्या वाटेवर मनालीला उतरताच मूळ जेट पुन्हा बसवला. दाट हवेत लहान जेट ठेवला तर मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि जोर लावताना व्हॉल्व्ह व पिस्टन भलतेच तापतात.